वर्गातला शांत कोपरा : शिक्षक आणि पालक यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा मजकूर प्रामुख्याने महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळांमधील शिक्षकांसाठी आहे. जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या आणि अनुदानित शाळांमधले वर्ग, तिथली पटसंख्या आणि तिथे खरोखर मिळू शकणारे सामान डोळ्यांसमोर ठेवून उत्तरे लिहिली आहेत. पालक नेहमी विचारतात असे काही प्रश्नही त्यात घेतले आहेत.

शांत कोपरा म्हणजे नेमके काय?

रागाने, भीतीने, रडू आल्यामुळे किंवा गोंगाटामुळे बेचैन झालेल्या मुलाला थोडा वेळ बसून सावरता यावे, यासाठी वर्गातच राखून ठेवलेली लहानशी जागा म्हणजे शांत कोपरा. तिथे बसायला सतरंजी किंवा गोधडी असते, हाताळायला चार-पाच वस्तू असतात आणि भिंतीवर एक-दोन चित्रे असतात. मूल तिथे स्वतःहून किंवा शिक्षकांनी सुचवल्यावर जाते, काही मिनिटे थांबते आणि पुन्हा आपल्या जागेवर येऊन कामाला लागते. वर्गाबाहेरची खोली, व्हरांडा किंवा मुख्याध्यापकांचे कार्यालय यांना शांत कोपरा म्हणता येणार नाही, कारण मुलाला वर्गापासून तोडणे हा या जागेचा हेतू नाही.

मूल चिडले की त्याला समजावून सांगणे पुरेसे नाही का? त्यासाठी वेगळी जागा कशाला?

समजावणे आवश्यकच आहे, पण त्याची वेळ नंतरची आहे. धोका जाणवला की मेंदूतला अमिग्डाला हा भाग शरीराला सावध करतो, अ‍ॅड्रेनॅलिनसारखी संप्रेरके रक्तात येतात, हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू ताठ होतात आणि श्वास उथळ होतो. हा धोका खराच असला पाहिजे असे नाही. वर्गासमोर झालेला अपमान, हिसकावलेली पेन्सिल किंवा न जमणारा भागाकार एवढेही त्याला पुरते. अशा वेळी विचार करणे, स्वतःला आवरणे, परिणामांचा अंदाज घेणे ही कामे करणारा मेंदूचा पुढचा भाग मागे पडतो. तो भाग पूर्ण विकसित व्हायला वयाची विशी ओलांडावी लागते, म्हणजे आठ वर्षांच्या मुलाकडे ही क्षमता मुळातच कच्ची असते. म्हणूनच थरथरत उभ्या असलेल्या मुलाला ‘असं का केलंस, सांग’ म्हणून दहा वेळा विचारले तरी त्याच्याकडून उत्तर येत नाही. तो उद्धटपणा नसतो. त्या क्षणी त्याला खरोखरच सांगता येत नसते.

लहान मूल आधी मोठ्यांच्या आधाराने शांत व्हायला शिकते आणि मग हळूहळू एकट्याने सावरू लागते. या दोन टप्प्यांमधला पूल म्हणून शांत कोपऱ्याचा उपयोग होतो. शिक्षक नजरेच्या टप्प्यात असतात, पण शांत होण्याचे काम मूल स्वतः करत असते.

ही कोपऱ्यात उभे करण्याचीच सुधारलेली शिक्षा नाही का?

हा आक्षेप गंभीर आहे, आणि अनेक ठिकाणी तो खराही ठरतो. ‘जा, जाऊन बस तिकडे’ असे दरडावून मुलाला पाठवले, तर सतरंजी कितीही मऊ असली तरी ती शिक्षाच होते. अंगठे धरणे, बाकावर उभे राहणे, भिंतीकडे तोंड करून थांबणे या गोष्टी आपल्याकडच्या मुलांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत. त्यामुळे कोपरा म्हटले की मुलाच्या मनात आधी शिक्षाच येते, हे शिक्षकांनी गृहीत धरावे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार शाळेत शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी आहे. मुलाला एकटे पाडणे आणि इतरांसमोर खजील करणे या गोष्टी त्या बंदीच्या अगदी जवळ जातात.

यासाठी तीन गोष्टी पक्क्या ठेवाव्यात. मुलाला तिथे जाण्याविषयी विचारावे, हुकूम करू नये. त्याने नकार दिला तर तो मान्य करावा. आणि मुलाच्या हातून काही चूक झाली असेल, तर तिची भरपाई वेगळी आणि नंतर करायला लावावी. कोपऱ्यात घालवलेली मिनिटे त्या भरपाईत धरू नयेत. वही फाडली असेल तर शांत झाल्यावर ती चिकटवायला मदत करणे ही भरपाई झाली.

आमचा वर्ग लहान आहे आणि मुले दाटीवाटीने बसतात. जागा कुठून आणायची?

एक मूल मांडी घालून बसू शकेल आणि बाजूला एक टोपली राहील, एवढी चार फूट लांब-रुंद जागा पुरते. ती शिक्षकांना फळ्याजवळून दिसली पाहिजे, पण इतर मुलांच्या थेट समोर नसावी. दार, रस्त्याकडची खिडकी आणि पाण्याचा माठ यांच्याजवळ सतत ये-जा असते, म्हणून ती ठिकाणे टाळावीत. पुस्तकांचे बुटके कपाट आडवे लावले की आडोसा तयार होतो; जुन्या साडीचा अर्धा पडदाही चालतो, मात्र त्यावरून मुलाचे डोके दिसत राहिले पाहिजे. पूर्ण बंदिस्त जागा करू नये. पत्र्याच्या छपराच्या खोलीत उन्हाळ्यात कुठली भिंत तापते ते आधी पाहावे, नाहीतर मार्च उजाडला की तिथे कोणीच बसणार नाही.

आपल्या शाळांमध्ये बोलक्या भिंतींची पद्धत आहे. पाढे, मुळाक्षरे, नकाशा, सुविचार यांनी जवळजवळ प्रत्येक भिंत भरलेली असते. शांत कोपऱ्यासाठी शक्यतो कोरी भिंत निवडावी, किंवा एखादी भिंत फिक्या रंगाने पुन्हा कोरी करून घ्यावी. बेचैन मुलाच्या नजरेला विसावा मिळावा, हेच तिथे अपेक्षित आहे.

तिथे कोणत्या वस्तू ठेवाव्यात?

वस्तू कमी असाव्यात आणि प्रत्येकीचा उपयोग ठरलेला असावा. खेळण्यांनी भरलेला कोपरा हा खेळाचा कोपरा होतो आणि मग तिथे जाण्यासाठी भांडणे लागतात.

सर्वांत उपयोगी वस्तू म्हणजे कागदाची भिंगरी. मुलाला ‘दीर्घ श्वास घे’ म्हटले की ते खांदे उचलून जोरात हवा ओढते आणि आणखीच ताठरते. भिंगरी हातात दिली आणि ‘ती जास्तीत जास्त वेळ हळूहळू फिरत राहील अशी फुंकर घाल’ असे सांगितले की श्वास सोडण्याचा काळ आपोआप लांबतो. श्वास सोडताना व्हेगस या चेतातंतूचा प्रभाव वाढून हृदयाची गती मंदावते, त्यामुळे उच्छ्वास लांबवणे हा शरीराला शांत करण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. भिंगरी नसेल तेव्हा एका हाताचा पंजा पसरून दुसऱ्या हाताच्या बोटाने त्याची कडा गिरवावी: बोट वर जाताना श्वास घ्यायचा, खाली येताना सोडायचा. पाच बोटे म्हणजे पाच श्वास झाले, आणि हे साधन मुलाला घरी किंवा एस.टी.त बसल्यावरही वापरता येते.

दुसरी वस्तू म्हणजे चमकीची बाटली. पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीत कोमट पाणी, थोडा पारदर्शक गोंद आणि चमकी घालून झाकण पक्के चिकटवावे. गोंद जितका जास्त, तितकी चमकी सावकाश खाली बसते. ती खाली बसेपर्यंत एक-दोन मिनिटे लागतील असे प्रमाण करून पाहावे. बाटली हलवून मूल फक्त बघत राहते. तिसरी वस्तू म्हणजे मांडीवर ठेवायची जड पिशवी. तिच्यात तांदूळ किंवा ज्वारी भरू नये, कारण दिवाळीच्या सुट्टीत उंदीर ती फाडतात. धुऊन वाळवलेली वाळू जाड कापडात शिवून घ्यावी. ही पिशवी फक्त मांडीवर ठेवायची, छातीवर किंवा मानेवर नाही. यांशिवाय कोरे कागद आणि खडू, आणि बोटांना काम देणारी चिंचोक्यांची किंवा सागरगोट्यांची वाटी पुरेशी आहे. अंगणवाडीतील अगदी लहान मुले वस्तू तोंडात घालतात, म्हणून त्यांच्या हाती चिंचोके देऊ नयेत.

उदबत्ती किंवा सुगंधी तेल वापरू नये, कारण दमा असलेल्या मुलांना त्याचा त्रास होतो. मोबाइलवरचे संगीतही नको. देवदेवतांची किंवा नेत्यांची चित्रे तिथे लावू नयेत. ही जागा वर्गातल्या प्रत्येक घरच्या मुलाला सारखीच आपली वाटली पाहिजे.

यासाठी खर्च किती येतो आणि तो कोणत्या निधीतून करावा?

वरच्या बहुतेक वस्तू जवळजवळ फुकट होतात. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला पटसंख्येनुसार वार्षिक संयुक्त अनुदान मिळते. सतरंजी, कपाट किंवा रंगकाम यांसाठी शाळा व्यवस्थापन समितीत विषय मांडून निर्णय घेता येतो. समितीत पालक बहुसंख्य असल्यामुळे या उपक्रमाची ओळख पालकांना करून देण्याची तीच चांगली संधी ठरते.

महागडे तयार संच विकत घेण्याची गरज नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला सुरू केलेल्या आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडला वाढवलेल्या बालशिक्षणाच्या कामात परिसरात मिळणाऱ्या वस्तूंचीच साधने केली गेली. त्या कामाचा वारसा आपल्या राज्यात असताना या बाबतीत बाजारावर अवलंबून राहण्याचे कारण नाही.

मुलांना या कोपऱ्याची ओळख कशी करून द्यावी?

बहुतेक शाळांमध्ये हा उपक्रम याच टप्प्यावर फसतो. कोपरा सजतो, मुलांना दाखवला जातो आणि पहिले मोठे भांडण झाले की त्यातल्या एकाला तिथे नेऊन बसवले जाते. पोहायला शिकवायचे ते उन्हाळ्यात विहिरीवर, पुरात नव्हे. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत, वर्ग निवांत असताना, प्रत्येक मुलाला एकदा तरी कोपऱ्यात बसू द्यावे. भिंगरी कशी फुंकायची, बाटली कुठे परत ठेवायची, उठताना सतरंजी कशी सारखी करायची, हे सगळे करून घ्यावे. वर्गातली हुशार आणि शांत मुलेही तिथे बसली पाहिजेत, म्हणजे ती ‘द्वाड पोरांची जागा’ ठरत नाही.

शिक्षकांनी स्वतः ती जागा वापरून दाखवणे हा सर्वांत परिणामकारक धडा असतो. ‘मुलांनो, मघाच्या गोंगाटाने माझं डोकं भणभणलंय. मी दोन मिनिटं भिंगरी फुंकते, मग आपण पुढे जाऊ’ असे बाईंनी म्हटले आणि खरोखर केले, की राग सर्वांना येतो आणि तो हाताळता येतो, हे मुलांना कोणत्याही व्याख्यानाशिवाय कळते.

याच काळात भावनांचे शब्द द्यावेत. मुले बहुतेक वेळा ‘राग आला’ किंवा ‘काही नाही’ एवढेच सांगतात. रुसणे, हिरमुसणे, बावरणे, धास्तावणे, कंटाळणे, हेवा वाटणे, ओशाळणे या प्रत्येकामागचे कारण वेगळे असते आणि उपायही वेगळा असतो. हसऱ्या-रडक्या गोल चेहऱ्यांचा छापील तक्ता लावण्यापेक्षा वर्गातल्या मुलांनीच काढलेले चेहरे लावावेत. अहिराणी, कोरकू, भिली किंवा गोंडी बोलणाऱ्या घरातल्या मुलांना त्यांच्या बोलीतला शब्द सांगू द्यावा आणि तोच तक्त्यावर लिहावा.

मूल प्रत्यक्ष चिडलेले असताना शिक्षकांनी काय करावे?

शक्य तितके कमी बोलावे. उदाहरणादाखल दुसरीच्या वर्गातला एक प्रसंग घेऊ. ऊसतोडीवरून पालकांबरोबर नुकताच परतलेला एक मुलगा आहे. मधल्या काळात वर्ग पुढे गेला आहे, आणि शेजारचा त्याच्या वहीत डोकावून ‘ह्याला जोडाक्षरं पण येत नाहीत’ म्हणून हसतो. हा वही भिरकावतो आणि बाकाखाली शिरतो. अशा वेळी बाईंनी त्याच्याजवळ जाऊन, उभे न राहता खाली बसावे, वही उचलून बाजूला ठेवावी आणि हळू आवाजात एवढेच विचारावे : ‘इथेच बसायचंय, की सतरंजीवर?’ दोन्ही उत्तरे चालणारी असावीत. तो बाकाखालीच राहिला तर तीच त्या वेळची शांत जागा समजावी, भिंगरी तिथे सरकवावी आणि वर्गाचे काम चालू ठेवावे. वर्गाचे लक्ष त्याच्यावरून हटणे हीसुद्धा त्याला केलेली मदतच असते.

तो बाहेर आल्यावर लगेच चौकशी करू नये. आधी एखादे जमण्यासारखे काम द्यावे आणि मधल्या सुट्टीत दोन वाक्ये बोलावीत : काय झाले, आणि पुढच्या वेळी काय करता येईल. हसणाऱ्या मुलाशीही वेगळे बोलावे, नाहीतर सावरण्याची सगळी जबाबदारी ज्याला टोचले गेले त्याच्यावरच पडते.

मूल स्वतःला किंवा इतरांना इजा करत असेल तर प्रथम इतर मुलांना दूर करावे आणि हाताशी असलेल्या धोकादायक वस्तू काढून घ्याव्यात. मुलाला ओढत कोपऱ्यात नेऊ नये.

मुले अभ्यास टाळण्यासाठी कोपऱ्याचा वापर करणार नाहीत का?

पहिल्या काही आठवड्यांत नवलाईमुळे वापर वाढतो आणि नंतर तो आपोआप कमी होतो. त्यानंतरही एखादे मूल रोज गणिताच्या तासालाच उठून जात असेल, तर त्याला चोर ठरवण्याऐवजी ती माहिती म्हणून वापरावी. त्याला बहुधा मागच्या इयत्तेची एखादी संकल्पना समजलेली नसते आणि कोपरा बंद केल्याने ती समजणार नाही. एक साधी वही ठेवून तीत तारीख, तास, त्याआधी काय घडले आणि मूल किती वेळ थांबले, एवढेच शिक्षकांनी लिहावे. महिन्याभरात त्यातून बरेच दिसते. पहिल्याच तासाला कासावीस होणारी मुले कधी कधी केवळ उपाशी असतात, आणि शालेय पोषण आहार दुपारी मिळेपर्यंत त्यांचे कशातच लक्ष लागत नाही. अशा मुलांना भिंगरीआधी खाण्याची गरज असते.

किती वेळ थांबू द्यावे?

साधारण पाच ते दहा मिनिटे. वाळूचे घड्याळ ठेवता येते, पण ते संपले म्हणून मुलाला उठवू नये. ‘अजून एकदा उलटं करायचं का?’ असे विचारावे.

वर्गात पन्नास मुले आहेत, किंवा एकाच शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता आहेत. तिथे हे जमेल का?

शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी एका शिक्षकामागे ३० विद्यार्थी हे प्रमाण ठरवले आहे, पण शहरी शाळांतील अनेक तुकड्यांमध्ये मुले त्याहून अधिक असतात, हे मान्य करूनच बोलले पाहिजे. मोठ्या वर्गात एका वेळी एकच मूल, हा नियम कडक ठेवावा आणि दुसऱ्यासाठी जागेवर बसूनच करायचे उपाय शिकवावेत : बोटे गिरवणे, बाकावर डोके टेकून वीस आकडे मोजणे, पाणी पिऊन येणे. मुलाने छातीवर तळहात ठेवला की बाईंना कळावे, अशी एखादी खूण ठरवली तर तास थांबवावा लागत नाही. बहुवर्ग शाळेत उलट सोय अधिक असते, कारण मोठी मुले लहानांना कोपरा वापरायला चांगले शिकवतात.

हे मुलांचे लाड नाहीत का? जगात त्यांना अशी जागा कोण देणार आहे?

पालकांची ही काळजी मनापासूनची असते, म्हणून तिचे उत्तर नीट दिले पाहिजे. कोपऱ्यात मुलाला कोणतीही सूट मिळत नाही. राहिलेले काम त्याला पूर्ण करावे लागते आणि चुकीची भरपाईही करावी लागते. तिथे ते शिकते ते एवढेच की राग आल्यावर हात उचलण्याआधी थांबता येते. ही सवय लागली की जागेची गरज कमी होत जाते. पालकसभेत हे सांगण्यापेक्षा पालकांना पाच मिनिटे तिथे बसू द्यावे आणि भिंगरी फुंकायला लावावी. घरी वेगळी खोली नसली तरी ओटा, पायरी किंवा आजीच्या शेजारची जागा हे काम करू शकते.

स्वमग्न किंवा इतर विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी काही वेगळे करावे लागते का?

होय. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा समावेश आहे आणि अशा मुलांसाठी वाजवी सोयी करून देण्याची अपेक्षा त्यात आहे. स्वमग्न मुलाचा उद्रेक हा हट्ट नसून आवाज, उजेड, गर्दी यांचा भार असह्य झाल्याचे लक्षण असू शकते. त्याला कोपऱ्यात बोलावण्यापेक्षा परिपाठाच्या ढोल-ताशाआधी किंवा स्नेहसंमेलनाच्या तालमीआधीच तिथे बसू द्यावे. काहींना जड पिशवी आवडते, तर काहींना स्पर्शच नको असतो. याबाबत पालकांना आणि तालुक्याच्या विशेष शिक्षकांना आधी विचारावे.

आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी हा उपाय चालतो का?

त्या वयात सर्वांसमोर सतरंजीवर जाऊन बसणे अपमानास्पद वाटते. त्याऐवजी खिडकीजवळचा एक बाक, ग्रंथालयातली एक खुर्ची किंवा न विचारता पाणी भरून आणण्याची मुभा अधिक उपयोगी पडते.

कोपरा पुरेसा नाही, हे कधी ओळखावे?

मूल आठवडेच्या आठवडे दुःखी किंवा भेदरलेले दिसत असेल, खाणे-झोप बिघडली असेल, स्वतःला इजा करत असेल किंवा मरणाविषयी बोलत असेल, तर त्याच दिवशी मुख्याध्यापक आणि पालक यांच्याशी बोलावे व तज्ज्ञांची मदत घ्यावी. टेली-मानस ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे, तर संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

निवांत जागेत मुले कधी कधी मोठ्या गोष्टी सांगून टाकतात. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर पॉक्सो कायदा २०१२ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. त्यामुळे ‘मी कोणालाच सांगणार नाही’ असे वचन मुलाला देऊ नये. ‘तुला मदत करू शकतील त्यांनाच सांगेन’ असे म्हणावे.

याचा उपयोग होतो, असे अभ्यासातून दिसले आहे का?

भावनिक आणि सामाजिक कौशल्ये शाळेत शिकवण्याच्या २१३ कार्यक्रमांचा एकत्रित आढावा २०११ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यात दोन लाख सत्तर हजारांहून अधिक विद्यार्थी होते आणि वर्तनाबरोबरच शालेय प्रगतीतही ११ पर्सेंटाइल गुणांइतकी सुधारणा दिसली. हा निष्कर्ष नियमितपणे शिकवल्या गेलेल्या कौशल्यांविषयी आहे, सजवलेल्या कोपऱ्याविषयी नाही, हे लक्षात घ्यावे. ज्या वर्गात रोजची पाच मिनिटे श्वासाला आणि भावनांच्या शब्दांना दिली जात नाहीत, तिथे कोपऱ्याकडून फार अपेक्षा करू नये.

काही महिन्यांनी मुलांनी कोपरा वापरणे बंद केले तर काय समजावे?

याची दोन कारणे असू शकतात आणि ती वहीतून व निरीक्षणातून वेगळी करता येतात. मुले जागेवर बसूनच बोटे गिरवताना दिसत असतील आणि भांडणे कमी झाली असतील, तर कोपरा तसाच राहू द्यावा. परीक्षेच्या काळात त्याची पुन्हा गरज लागते. भांडणे तशीच असून कोपरा मात्र ओस पडला असेल, तर तिथे बसणाऱ्याला कोणीतरी चिडवते आहे, किंवा एखाद्या शिक्षकांनी त्याचा शिक्षेसारखा वापर केला आहे, असे बहुधा आढळते. अशा वेळी सतरंजी धुऊन, वस्तू बदलून आणि शक्य असल्यास जागाही बदलून, जूनमध्ये केली तशी सर्व मुलांना पुन्हा पहिल्यापासून ओळख करून द्यावी, आणि पहिल्या दिवशी तिथे शिक्षकांनीच जाऊन बसावे.